खेळातून अभ्यास : मूल शिकतं की फक्त आपलं समाधान होतं?

गोदाकाठची
मुलगा तिसरीत आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो. गेल्या महिन्यात बाराशे रुपये मोजून पाढ्यांचा एक खोका आणला. रंगीत पट, फासे, पत्ते, प्लास्टिकची नाणी, सगळं झकपक. पहिल्या दिवशी साहेब दोन डाव खेळले. तिसऱ्या डावात पत्ता उचलला, त्यावर 'सात आठे किती?' असं होतं. पत्ता खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, हा अभ्यासच आहे ना?" खोका कपाटावर गेला तो अजून तिथेच आहे.

आता दुसरी बाजू. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथल्या वॉचमनच्या दोन पोरांबरोबर हा रोज गोट्या खेळतो. रात्री जेवताना हिशोब ऐकावा: सतरा होत्या, पाच हरलो, चार उसन्या घेतल्या, त्यातल्या दोन फेडल्या, म्हणजे हातात चौदा पण माझ्या खऱ्या बाराच. वहीत वजाबाकी आली की हाच जांभया देतो!

तर प्रश्न असा, की 'खेळातून शिक्षण' म्हणून आपण जे विकत आणतो त्याने मूल खरंच शिकतं, की आपण पालकांनी काहीतरी केल्याचं समाधान आपल्यालाच मिळतं? आणि गोट्यांत जे शिकतोय ते कधी वहीत उतरणार आहे का? अनुभव सांगा.

टवाळ
बाराशेत गोट्यांचं पोतं आलं असतं. हलके घ्या.

चांदोरीची चिमणी
वाचतेय. आमच्याकडेही असे तीन खोके कपाटावर आहेत.

शंकेखोर
वहीत उतरेल असं गृहीत धरू नका. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला, २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. अभिमान आहेच. पण आमच्या कॉलनीतले निम्मे पालक मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालतात ते 'गणित सुधारतं' म्हणून. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेऊन हे तपासलं होतं, निकाल २०१६ ला आला. वर्षभराने पाहिलं तर बुद्धिबळ शिकलेली आणि न शिकलेली मुलं गणितात सारखीच. बुद्धिबळ शिकून बुद्धिबळ येतं. ते कमी आहे का? पण मग क्लासच्या पाटीवर 'एकाग्रता, गणित, व्यक्तिमत्त्व विकास' कशाला?

गोदाकाठची
@शंकेखोर, मग गोट्यांचा हिशोब म्हणजे काय? ती वजाबाकीच आहे की.

शंकेखोर
ती गोट्यांची वजाबाकी आहे ताई. त्यात त्याचा जीव अडकलाय. वहीतल्या रामूने किती आंबे खाल्ले याच्याशी त्याला काय देणंघेणं?

दिंडोरीचे मास्तर
शंकेखोर म्हणतात ते अर्धं खरं. आपोआप जात नाही, पण कोणीतरी हात धरून नेलं तर जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बावीस वर्षं झाली. वर्गातली निम्मी मुलं द्राक्षबागेतल्या मजुरांची, छाटणीला येतात आणि हंगाम सरला की जातात. खोके आणायला पैसे नाहीत, म्हणून चिंचोके.

चिंचोका दगडावर घासला की त्याची दोन फाकं होतात, एक अंग पांढरं, एक तपकिरी. अशी चार फाकं हातात खुळखुळवून टाकायची. जितकी पांढरी वर तितकं दान. एकही पांढरं नाही पडलं तर आठ. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं, मधल्या घरात फुली. आमच्याकडे याला चल्लसआठ म्हणतात, तुमच्याकडे वेगळं नाव असेल.

एके दिवशी चौथीतली एक मुलगी रडकुंडीला आली. तिला घरात जायला चार हवे होते आणि सारखं दोनच पडत होतं. म्हणाली, "गुरुजी, चिंचोके खोटे आहेत." मी म्हटलं, तपासू. सगळ्यांनी टाकायचं आणि भिंतीवर रेघा ओढायच्या. तास संपला तेव्हा दोनाच्या रांगेत सगळ्यात जास्त रेघा होत्या, चार आणि आठाच्या रांगा जवळजवळ रिकाम्या. का? मग चार पोरं पुढे उभी केली. डोक्यावर टोपी म्हणजे पांढरं, उघडं डोकं म्हणजे तपकिरी. चौघांनी टोपी घालायची किती तऱ्हा? एकच. कोणीच नाही? एकच. एकानेच? चार. तिघांनी? तेही चार. दोघांनी? इथे वर्गात भांडणं लागली. कोणी चार म्हणे, कोणी आठ. टोप्या काढून घालून, ढकलाढकली करून शेवटी सहा निघाल्या. एकूण सोळा. (चिंचोके काही नाण्यासारखे समतोल नसतात, त्यामुळे भिंतीवरच्या रेघा अगदी तशाच आल्या नाहीत. पण रांगांची उतरंड तीच.)

ती मुलगी पुढच्या डावात चाराची वाट न बघता दोन-दोनने सोंगटी आणायला लागली. संभाव्यता हा शब्द मी उच्चारलाही नाही.

तेवढ्यात तपासणीला साहेब आले. दारातून बघितलं, पोरं टोप्यांवरून भांडतायत. "मास्तर, आज वर्ग नाही का?"

टवाळ
साहेबांना पण टोपी घालायची होती. (दोन्ही अर्थांनी.)

कोथरूडकर
मास्तर, प्रतिसाद फार आवडला. आता हे सगळं सरकारी धोरणातही आलंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातूनच शिकवायचा म्हटलंय, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यासाठी 'जादुई पिटारा' आला. खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तकं असं सगळं त्यात आहे. पुण्यात आमच्या ओळखीच्या एका शाळेने तर…

टवाळ
आलं पुणं.

पंचवटीची आजी
कोथरूडकर, हे नवीन नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे कुठला पिटारा होता? माँटेसरीबाईंची साधनं महागडी, परदेशी. खेड्यात ती परवडायची कोणाला? म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, माती. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात. पुढे कोसबाडला तर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, गुरं चरतायत तिथेच.

मी स्वतः सत्तरच्या दशकात पंचवटीत बालवाडी चालवली, एका वाड्याच्या ओसरीवर. मुलं पाण्याशी खेळायची. दोन घंगाळी, पाच-सहा वेगवेगळी भांडी. उंच लोट्यातलं पाणी पसरट वाटीत मावतं का, हा खेळ आठवडाभर पुरायचा. एक मुलगा रोज तेच करायचा, रोज तितकंच आश्चर्य. त्याची आई म्हणाली, "बाई, याला पाणी सांडायला फी भरते का मी?" मी म्हटलं, हो.

सातपूरची
थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका.

मी सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये काम करते. घरी मी आणि मुलगी. वन बीएचके, खाली मैदान नाही, पार्किंगमध्ये खेळलं की सेक्रेटरी काका ओरडतात. रात्री आठला घरी येऊन स्वयंपाक करून कुठले चिंचोके घासू? मोबाइल हातात दिला की अर्धा तास मिळतो. खेळातून शिक्षण हे ज्यांच्याकडे वेळ आहे, आजी आहे, अंगण आहे त्यांचं कौतुक. आम्हाला वाचून अपराधी वाटतं, बाकी काही होत नाही.

आणि ते 'आमच्या लहानपणी' वालं विटीदांडू-लगोरीचं स्मरणरंजन येणारच आहे, म्हणून आधीच विचारते. मुलींना विटीदांडू कोणी खेळू दिला होता?

पंचवटीची आजी
नाही दिला बाळा. मी भावाचा दांडू चोरून घेतला होता, त्याचा मार अजून आठवतो. आम्हाला सागरगोटे. पण सागरगोट्यांना कमी समजू नकोस. एक वर उडवून तो खाली यायच्या आत जमिनीवरचे चार उचलायचे, नजर वर आणि हात खाली. सत्तरी ओलांडल्यावर डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला तेव्हा मी तेच काढून बसले.

ओझरचा भाचा
सातपूरताई, वेळेचं म्हणणं पटलं. म्हणून एक अगदी स्वस्त गोष्ट सांगतो, साधी सापशिडी. अमेरिकेत २००८ साली एक प्रयोग छापून आला होता. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकडे ओळीने लिहिलेला साधा पट खेळायला दिला, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. म्हणजे एकूण तास. तेवढ्यावर त्यांची आकड्यांची समज वाढली, आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तरी टिकली होती. तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा, तो खेळलेल्या मुलांत काही फरक नाही.

मेख मोजण्यात आहे. सोंगटी तेवीसवर आहे आणि चार पडले, तर आपण 'एक, दोन, तीन, चार' म्हणत सरकवतो. त्याऐवजी 'चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस' म्हणायचं. एवढंच. पोळ्या लाटता लाटताही होतं, मी माझ्या भाचीबरोबर केलंय.

चांदोरीची चिमणी
'वीस तीन'वर आहे आणि चार पडले तर 'वीस चार, वीस पाच' म्हणायचं का?

टवाळ
झालं. आता हा धागा पाचशेवर जाणार.

कोथरूडकर
२०१९ चा तो बालभारतीचा दुसरीच्या पुस्तकाचा वाद ना? एकवीसऐवजी वीस एक. तेव्हा मीही तावातावाने विरोधात लिहिलं होतं.

दिंडोरीचे मास्तर
मी बाजूने होतो, अजून आहे. गणितज्ञ मंगलाताई नारळीकर तेव्हा हेच सांगत होत्या, की जोडाक्षरं अजून न येणाऱ्या मुलाला त्रेसष्ट आणि छत्तीसमध्ये नक्की कुठला आकडा आधी, हा गोंधळ होतो. त्रेसष्ट बोलताना तीन आधी, लिहिताना सहा आधी. जुने शब्द काढून टाकलेच नव्हते, दोन्ही दिले होते. पण टीव्हीवर सगळ्यांनी फक्त विनोद केले.

आणि मजा सांगू? विटीदांडूत आपण मोजतो ते कुठल्या भाषेत? वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. महाराष्ट्रातली पोरं पिढ्यान् पिढ्या तेलुगूत मोजत आली आणि संस्कृती बुडाली नाही.

शंकेखोर
हे मला माहीत नव्हतं! आयुष्यभर वकट लेंड ओरडलो, कधी विचार केला नाही.

अंबडचा फिटर
पोरांचं चाललंय, मोठ्यांचं पण सांगतो. आमच्या कंपनीत (नाव नको) दर सहा महिन्यांनी 'टीम बिल्डिंग' होतं. त्र्यंबक रोडच्या रिसॉर्टवर नेतात, डोळे बांधतात, मागे पडायला सांगतात आणि सहकाऱ्याने झेलायचं. मला ज्याने झेललं त्याने दुसऱ्याच दिवशी माझी रजा अडवली. व्यक्तिमत्त्व विकास झाला, त्याचा.

पण एकदा एक ट्रेनर आला होता, त्याचा खेळ मात्र डोक्यात बसला. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या आसपास निघालेला, नाव बिअर गेम. चौघं एका ओळीत: दुकानदार, ठोकवाला, वितरक, कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. मागितलेला माल दोन आठवडे उशिरा येतो. गिऱ्हाईक आधी आठवड्याला चार पेट्या घेतं, मग आठ घ्यायला लागतं आणि पुढे शेवटपर्यंत आठच. एकदाच बदल. तरी काय व्हावं? दुकानदार घाबरून बारा मागतो, ठोकवाला वीस, वितरक चाळीस, कारखाना बोंबलतो. आणि मग सगळा माल एकदम येऊन पडतो, घ्यायला कोणी नाही. मी कारखाना होतो. दोन तास मी वितरकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी गिऱ्हाइकाची चिठ्ठी उलटी केली तर सगळीकडे आठ, आठ, आठ.

स्टोअरवाल्याशी मी तेव्हापासून फोनवर बोलतो. आधी नुसत्या स्लिपा पाठवायचो.

टवाळ
नाशिकमध्ये बिअर गेम? इथे वाइन गेम पाहिजे.

निफाडकर
फिटर भाऊ, आम्ही हा खेळ दरवर्षी खेळतो, ट्रेनरशिवाय. कांदा.

भाव चढला की गावात प्रत्येक जण उळे (कांद्याचं बी) टाकतो. शेजाऱ्याने किती टाकलं ते कोणी विचारत नाही, विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. माल निघायला महिने लागतात. तोवर सगळ्यांचाच एकदम लासलगावला. मग भाव पडतो, पुढच्या वर्षी कोणी लावत नाही, मग पुन्हा चढतो. तुमच्या खेळात शेवटी चिठ्ठी उलटी करून दाखवतात. आमच्यात ती चिठ्ठी कोणाकडे असते तेवढं सांगा. वर मध्येच निर्यातबंदी म्हणजे खेळणाऱ्याने पटच उचलून नेला.

अंबडचा फिटर
हे त्या ट्रेनरला पाठवतो.

व्हरांडा
मूळ विषयावर येते. बक्षिसांबद्दल कोणी बोललं नाही. आम्ही मुलीसाठी फ्रिजवर तारे लावायचो: दात घासले एक तारा, पुस्तक वाचलं दोन तारे, वीस ताऱ्यांना आइस्क्रीम. पुस्तकं ती आधी आपणहून वाचायची. तारे सुरू झाल्यावर पातळ पुस्तकं निवडायला लागली. तारे बंद केले तर वाचणंही बंद.

नंतर कळलं की १९७३ मधलंच एक संशोधन आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, सोनेरी ताऱ्याचं प्रशस्तिपत्रक. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना काही कबूल न करता अचानक दिलं, त्यांचं काही बिघडलं नाही. हल्ली मोबाइलवरच्या अभ्यासाच्या ॲपमध्ये नाणी, बिल्ले, 'सलग तीस दिवस' वगैरे असतं ते बघून मला माझा फ्रिज आठवतो.

सातपूरची
आमच्या बाईंचे सलग ८७ दिवस झालेत. काल लाइट गेली तर रडली, अभ्यासासाठी नाही, ८७ जातील म्हणून. विचार करायला लावलंत.

(सापशिडी आणली. तेवीस-चोवीस म्हणत खेळलो. ती तीनदा जिंकली, मला एकदा साप चावला त्यावर अर्धा तास हसत होती. पोळी करपली.)

येवलेकर पतंगी
तिन्ही दिवस संक्रांत खेळणाऱ्या गावचा आहे, त्यामुळे पतंगावर बोलल्याशिवाय जाणार नाही. आमच्याकडे आसारी (मांजाची फिरकी) हातात आल्याशिवाय पोरगं मोठं झालं असं कोणी मानत नाही. माझ्या वडिलांनी मला कन्नी बांधायला 'शिकवली' नाही. पतंग नुसता गरगरत खाली आला की ते म्हणायचे, "बघ." बस. वरचा दोरा आखूड करून बघ, खालचा करून बघ. सात-आठ पतंग फाटले तेव्हा कळलं की वारा जोराचा असला तर कन्नी वेगळी लागते. आणि आपला कटला की गच्चीगच्चीवरून 'गई बोला' ऐकून घ्यायचं, ते पण शिकावं लागतं. माझ्या पोराला ते अजून जमत नाही, तो रुसून खाली जातो.

पण नायलॉन मांजा घेऊ नका रे बाबांनो. माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात.

शंकेखोर
वडिलांचं 'बघ' फार आवडलं. मी माझं पहिलं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच.

गोदाकाठची
धागाकर्ती परत आली. सगळ्यांचे आभार, कांदेवाल्यांचेही.

तीन आठवड्यांतलं सांगते. मास्तरांचं वाचून मी त्याला त्याच्या गोट्यांचा हिशोब लिहून ठेवायला सांगितला. पहिल्या दिवशी लिहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "हे पण अभ्यास करून टाकलंस तू." मी गप्प बसले, वही ठेवून दिली.

मग चार दिवसांनी कपाटावरचा खोका खाली आलेला दिसला. पट तसाच, पत्त्यांना हात नाही, पण प्लास्टिकची नाणी गायब. खाली जाऊन पाहिलं तर तिघांनी मिळून बँक काढलेली. गोट्या हरवतात आणि मोठा भाऊ पळवतो, म्हणून गोट्या वॉचमनच्या डब्यात कुलपात आणि खेळायचं नाण्यांवर. एक नाणं बरोबर दोन गोट्या. संध्याकाळी हिशोब वॉचमनची मोठी मुलगी ठेवते, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर, आणि तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. सात आठे अजून विचारलं तर चौपन्न म्हणतो. पण सात नाण्यांच्या गोट्या किती, हे विचारून बघा.

एक वाईट बातमीही आहे. इथलं स्लॅबचं काम संपलं, ते कुटुंब पाथर्डी फाट्याच्या साइटवर गेलं, परवा सकाळी, हा शाळेत असताना. डबा त्यांनी आमच्या दाराशी ठेवला होता. हा काल रात्री उठून डबा मोजत बसला. हिशोबाप्रमाणे त्यांच्या चार गोट्या याच्याकडे राहिल्यात. रविवारी द्यायला जायचंय, मला साइट शोधायला लावलीये. फाट्यापासून कुठल्या बाजूला नवीन बांधकामं चालू आहेत, कोणाला माहीत आहे का?

अंबडचा फिटर
मी रोज तिथूनच जातो. व्यक्तिगत निरोप पाठवतो, दोन-तीन ठिकाणी चालू आहेत. रविवारी सकाळी मीही येतो विचारायला.

टवाळ
चार गोट्यांवर व्याज किती लावलंय?

गोदाकाठची
एक. तो हिरवा टप्पोरा, ज्यावरून दोनदा मारामारी झाली होती. त्यानेच काढून ठेवलाय.